पानाचें औषध केव्हां होतें?



आपल्या शिरूर व दौंड या दोन तालुक्यांत पाऊस बेताचाच पडतो. घोड व भीमा या नद्यांच्या कांठीं उसाचे मळे दिसतात. पण जेथें पाणी पोंचत नाहीं तेथें माळरान व बाभळी यांचेंच राज्य आहे. तरीही औषधी म्हणून प्रसिद्ध असलेल्या झाडांची आपल्याकडे वाण नाहीं. कुंपणाला अडुळसा असतो, कडुलिंबावर गुळवेल चढलेली असते, बांधावर तरवड व रुई उगवते, उकिरड्याशेजारीं धोतरा फुलतो, आणि बाराही महिने फुलणारी सदाफुली तर घरोघर अंगणांत आहे. या प्रत्येक झाडाविषयीं वडील माणसांस कांहीं ना कांहीं ठाऊक असतें. अडुळसा खोकल्यावर, गुळवेल तापावर, सदाफुलीचीं पानें मधुमेहावर, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों.

हें ज्ञान टाकाऊ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. जगांतील कित्येक मोठीं औषधें आजीबाईच्या बटव्यांतूनच निघालेलीं आहेत. परंतु बटव्यांतील मुळी आणि दवाखान्यांतील गोळी यांच्यामध्यें एक लांब वाट आहे. ती वाट प्रयोगशाळेंतून जाते, आणि तिच्यावर चार प्रश्न आडवे उभे असतात. चारही प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं म्हणजेच पानाचें औषध होतें. तोंपर्यंत तें पान गुणकारी असेल, निरुपयोगी असेल किंवा घातकही असेल. हे चार प्रश्न कोणते, तें आपण या पाठांत पाहूं.

१. झाड कोणतें?

हा प्रश्न वरवर पोरकट वाटेल; पण येथेंच पुष्कळांची फसगत होते. झाडांचीं नांवें गांवोगांव बदलतात. एकाच झाडास चार नांवें असतात, आणि एकच नांव दोन निराळ्या झाडांस दिलेलें असतें. म्हणून औषधाच्या संशोधनांत पहिलें काम वनस्पतिशास्त्रज्ञाचें. तो पान, फूल, फळ व मूळ यांसह झाडाचा नमुना दाबून वाळवतो, कागदावर चिकटवतो, आणि तो कोठें व कोणत्या दिवशीं मिळाला हें त्याखालीं लिहून ठेवतो. पुण्यांत भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचें पश्चिम विभागाचें केंद्र १९५५ सालापासून आहे. तसेंच १९४६ सालीं स्थापन झालेल्या व आज आघारकर संशोधन संस्था या नांवानें चालणाऱ्या संस्थेंतही असे वाळवलेले नमुने जतन केलेले आहेत. नवा नमुना अशा संग्रहांतील नमुन्याशीं ताडून पाहिल्यावांचून पुढचें पाऊल टाकीत नाहींत.

याचें महत्त्व किती आहे, तें नुकत्याच घडलेल्या एका गोष्टीवरून कळेल. कोविडच्या सांथींत, २०२० सालीं, अंगांतील प्रतिकारशक्ति वाढावी म्हणून पुष्कळ घरांतून गुळवेलीचा काढा घेऊं लागले. त्या वर्षीं सप्टेंबर ते डिसेंबर या अवधींत मुंबईच्या डॉक्टरांस यकृताला अपाय झालेले सहा रुग्ण आढळले; या सर्वांनीं गुळवेल घेतलेली होती. ही हकीकत २०२१ सालीं वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. त्यावर केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयानें आक्षेप घेतला. रुग्णांनीं घेतलेली वेल खरी गुळवेल, म्हणजे शास्त्रज्ञ जिला टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया म्हणतात तीच, होती काय याची ओळख पटवलेली नाहीं. तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेल तर ती नसेल ना, असा तो आक्षेप होता. पुढें २०२२ सालीं देशांतील १३ वैद्यकीय केंद्रांतून अशाच ४३ रुग्णांची माहिती गोळा होऊन प्रसिद्ध झाली. आम्हांस येथें एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, वादाचा पहिला मुद्दा "वेल कोणती?" हाच होता. ज्या घरीं काढा उकळला, त्या घरीं हा प्रश्न कोणी विचारला असेल काय?

२. त्यांत आहे काय?

झाड ओळखलें कीं रसायनशास्त्रज्ञाचें काम सुरू होतें. पानें किंवा मुळ्या सावलींत वाळवून त्यांची भुकटी करतात. ती निरनिराळ्या द्रवांत भिजत घालतात, कारण कांहीं द्रव्यें पाण्यांत विरघळतात, कांहीं मद्यार्कांत, तर कांहीं तेलकट द्रवांतच विरघळतात. मग तो द्रव गाळून व आटवून जो राप शिल्लक राहतो तोच अर्क होय. पण अर्क म्हणजे अजून एक गांठोडेंच असतें. त्यांत शेंकडों द्रव्यें एकत्र असतात, आणि त्यांतील गुण कोणत्या द्रव्याचा हें कळलेलें नसतें.

हें गांठोडें सोडवण्याची युक्ति आपणांस शाळेंतही पाहतां येते. टीपकागदाच्या पट्टीवर, टोंकापासून दोन बोटें अंतर सोडून, काळ्या शाईचा एक ठिपका द्यावा आणि पट्टीचें तें टोंक पाण्यांत बुडवून पट्टी उभी टांगावी. ठिपका मात्र पाण्याच्या वर राहिला पाहिजे. पाणी वर चढूं लागतें, आणि पुष्कळ शायांच्या बाबतींत काळ्या रंगांतून निळा, तांबडा, पिंवळा असे रंग निरनिराळ्या उंचीवर वेगळे झालेले दिसतात. जें द्रव्य कागदास घट्ट धरतें तें मागें राहतें; जें पाण्याबरोबर सहज जातें तें पुढें पळतें. प्रयोगशाळेंत याच तत्त्वावर चालणारीं सूक्ष्म यंत्रें अर्कांतील द्रव्यें एकेक करून निराळीं करतात. या रीतीस क्रोमॅटोग्राफी असें नांव आहे.

अडुळशाचेंच उदाहरण घ्या. त्याच्या पानांतून व्हॅसिसीन नांवाचें द्रव्य वेगळें करण्यांत आलें. त्याच्या रचनेचा अभ्यास करून, त्याच धर्तीवर, रसायनशास्त्रज्ञांनीं ब्रोमहेक्झिन हें कफ पातळ करणारें औषध तयार केलें. आज खोकल्याच्या पुष्कळ औषधांच्या बाटल्यांवर हें नांव वाचावयास मिळतें. आपल्या कुंपणावरील अडुळसा आणि औषधाच्या दुकानांतील ती बाटली यांचें असें दूरचें नातें आहे.

याहूनही मोठी कथा सर्पगंधेची आहे. ही दमट रानांत वाढणारी लहानशी वनस्पति. आपल्या माळावर ती दिसत नाहीं. तिच्या मुळीचा उपयोग आपल्या देशांत फार प्राचीन काळापासून वेड, निद्रानाश, सर्पदंश अशा अनेक दुखण्यांवर होत आलेला आहे. १९३१ सालीं दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजांत सलीमुज्जमान सिद्दिकी या रसायनशास्त्रज्ञांनीं या मुळींतून अनेक शुद्ध स्फटिकरूप द्रव्यें काढलीं, आणि त्यांपैकीं एकास हकीम अजमलखान यांच्या स्मरणार्थ अजमलीन असें नांव दिलें. त्याच वर्षीं कलकत्त्यास गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस या दोघांनीं ही मुळी रक्तदाबावर व वेडावर गुणकारी पडते असें लिहिलें. परंतु मुळींतील नेमकें कोणतें द्रव्य रक्तदाब उतरवतें हें कळण्यास आणखी २१ वर्षें लागलीं. १९५२ सालीं स्वित्झर्लंडांतील बाझल शहरीं सिबा कंपनीच्या संशोधकांनीं तें वेगळें केलें. त्यास रेसरपीन म्हणतात.

३. किती द्यावें, आणि अपाय काय?

"अति तेथें माती" ही म्हण औषधास लागू पडते तशी दुसऱ्या कशासही पडत नसेल. जें द्रव्य अंगांत कांहींतरी बदल घडवून आणूं शकतें, तें प्रमाणाबाहेर गेल्यास अपायही करूं शकतें. "झाडपाला आहे, त्यानें काय होणार?" हें वाक्य म्हणूनच चुकीचें आहे. धोतराही झाडपालाच आहे. पण त्याच्या बियांनीं माणसें भ्रमिष्ट होतात व दगावतातही. नव्या द्रव्याची परीक्षा आधीं कांचेच्या बशींत वाढवलेल्या पेशींवर, मग उंदरांसारख्या प्राण्यांवर करतात, ती याचसाठीं. किती मात्रेनें गुण येतो, किती मात्रेनें अपाय होतो, आणि या दोहोंत अंतर किती आहे, हें तेथें मोजलें जातें. अंतर थोडें असेल तर तें औषध फार जपून द्यावें लागतें.

आतां आपल्या अंगणांतील सदाफुलीकडे वळूं. ही मूळची मादागास्कर बेटांतली. वेस्ट इंडीजमधील जमैका बेटांत लोक तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत असत. १९५२ सालीं तेथील कांहीं पानें कॅनडांतील संशोधकांच्या हातीं आलीं, आणि रॉबर्ट नोबल यांनीं त्यांचा अर्क उंदरांना देऊन पाहिला. पोटांत दिलेल्या अर्कानें रक्तांतील साखर उतरली नाहीं. मग अर्क टोंचून दिला. तेव्हां उंदीर थोड्याच दिवसांत जंतूंच्या संसर्गानें मेले. दुसरा एखादा हें काम तेथेंच सोडून देता. नोबल यांनीं मात्र विचारलें, "हे उंदीर संसर्गानें कां मेले?" रक्त तपासलें तेव्हां आढळलें कीं, जंतूंशीं लढणाऱ्या पांढऱ्या पेशी फार घटल्या होत्या. आतां रक्ताच्या कर्करोगांत हानि होते ती पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्यानें. तेव्हां त्या पेशी घटवणारें द्रव्य त्या रोगावर चालेल काय? याच वाटेनें जाऊन नोबल व चार्ल्स बीर यांनीं व्हिंब्लास्टीन हें द्रव्य शोधून काढलें आणि १९५८ सालीं तें जाहीर केलें. अमेरिकेंत एली लिली या कंपनीच्या संशोधकांनींही याच झाडावर काम केलें. त्यांनीं मिळवलेल्या व्हिंक्रिस्टीन या दुसऱ्या द्रव्यास १९६३ सालीं तेथील सरकारची परवानगी मिळाली. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही तें दिलें जातें. हें द्रव्य पानांत इतकें थोडें असतें कीं, एक ग्रॅम मिळवण्यास शेंकडों किलो वाळलेलीं पानें लागतात.

या गोष्टींत दोन धडे आहेत. एक हा कीं, ज्या रोगासाठीं पान तपासावयास घेतलें त्यावर तें या प्रयोगांत चाललें नाहीं, आणि ज्याची कल्पनाही नव्हती त्यावर चाललें. अनुभवाच्या सांगीवांगीवरून हें कधींही कळलें नसतें. दुसरा धडा आपल्या घरांशीं संबंध ठेवतो. मधुमेहावर म्हणून सदाफुलीचीं पानें चघळणारीं माणसें आपल्या गांवांतही आहेत. पांढऱ्या पेशी घटवणारीं द्रव्यें त्या पानांत आहेत. तीं अत्यल्प असतात हें खरें. पण आजच्या पानांत किती व उद्यांच्या पानांत किती, हें चघळणारास कळण्यास मार्ग नाहीं. शिवाय त्या भरंवशावर डॉक्टरांची गोळी बंद झाली, तर साखर वाढत राहते व डोळे, मूत्रपिंड, पाय यांची हानि होते, ती निराळीच.

येथेंच आणखी एक सूचना करून ठेवतों. "अमक्या पानाच्या अर्कानें कर्करोगाच्या पेशी मेल्या" अशा बातम्या वरचेवर वाचावयास मिळतात. बशींतील पेशी मारणें फार सोपें आहे; मिठाच्या दाट पाण्यानेंही त्या मरतात. निरोगी पेशींस धक्का न लावतां रोगट पेशी मारणें, आणि तेंही जिवंत माणसाच्या अंगांत, हेंच खरें कठीण काम होय. म्हणून बातमी वाचतांना प्रयोग बशींत झाला, प्राण्यावर झाला कीं माणसावर झाला, एवढें तरी अवश्य पाहावें.

४. आलेला गुण औषधाचाच काय?

कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गांठ पडते, असें आपण म्हणतों. ताप, सर्दी, अंगदुखी असे कितीतरी विकार चार दिवसांत आपोआप बरे होतात. त्या चार दिवसांत जें कांहीं घेतलें असेल त्यास श्रेय मिळतें. शिवाय "मला औषध मिळालें" या समाधानानेंही माणसास बरें वाटूं लागतें. फांदी कावळ्यानें मोडली कीं ती आधींच मोडावयास आली होती, हें ओळखण्यासाठींच माणसांवरील चांचणी असते.

सर्पगंधेची अशी परीक्षा मुंबईस झाली, ही आपणां महाराष्ट्रीयांस अभिमानाची गोष्ट आहे. परळच्या किंग एडवर्ड स्मारक रुग्णालयांत डॉ. रुस्तुम जाल वकील हे हृदयरोगांचे तज्ज्ञ होते. त्यांनीं रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर या मुळीचा प्रयोग केला. "बरें वाटतें काय?" एवढेंच विचारून ते थांबले नाहींत. मुळी सुरू करण्यापूर्वीं, ती चालूं असतांना आणि बंद केल्यावर रक्तदाब मोजून त्यांनीं आंकडे मांडले, व १९४९ सालीं ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकांत ते प्रसिद्ध केले. मुळीचा गुण दंतकथेंतून निघून आंकड्यांत आला, तेव्हां परदेशांतील डॉक्टरांसही तो पडताळून पाहतां आला. अमेरिकेंत बॉस्टन येथें डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनीं हीच मुळी आपल्या रुग्णांस देऊन पाहिली. त्यांसही तोच अनुभव आला. डॉ. वकील यांस १९५७ सालीं अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक मिळालें.

आजच्या चांचणींत याहूनही काटेकोर नियम असतात. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दोन गट पाडतात. एका गटास खरें औषध देतात, आणि दुसऱ्यास दिसावयास तशीच पण औषध नसलेली गोळी, किंवा त्या रोगावर आधींपासून चालत आलेलें औषध देतात. कोणास काय मिळालें हें शेवटपर्यंत रुग्णासही ठाऊक नसतें व तपासणाऱ्या डॉक्टरासही नसतें. म्हणजे आशेनें किंवा भिडेनें आंकडा झुकत नाहीं. रुग्णास सर्व समजावून सांगून त्याची लेखी संमति घ्यावी लागते, आणि नीतिविषयक समितीची परवानगी असल्यावांचून चांचणी सुरू करतां येत नाहीं. आपल्या देशांत यासाठीं २०१९ सालीं नवे नियम लागू झाले आहेत.

इतकें झाल्यावरही परीक्षा संपत नाहीं. रेसरपीन जगभर वापरांत आल्यावर कित्येक रुग्ण खिन्न व उदास होऊं लागल्याचें डॉक्टरांनीं नोंदवलें. पुढें अधिक चांगलीं औषधें निघालीं, आणि आज रेसरपीन क्वचितच दिलें जातें. तिकडे मुळ्यांसाठीं रानांतील सर्पगंधा इतकी उपटली गेली कीं, १९९० सालापासून तिच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले आहेत.

प्रत्येक घाण्याची परीक्षा

दौंड तालुक्यांत पुणें–सोलापूर रस्त्यावर कुरकुंभ येथें औद्योगिक वसाहत आहे. तेथें औषधांचे व रसायनांचे कारखाने आहेत, आणि आपल्यापैकीं कित्येकांचे वडील किंवा भाऊ तेथें कामास जात असतील. औषधाच्या कारखान्यांत यंत्रांइतकीच महत्त्वाची जागा तपासणीच्या प्रयोगशाळेची असते. बाहेरून आलेला कच्चा माल आणि तयार झालेला प्रत्येक घाणा तपासल्यावांचून दाराबाहेर जाऊं नये, असा दंडक आहे. ही तपासणी चुकली तर काय होतें, हें मुंबईनें पाहिलेलें आहे. १९८६ सालीं तेथील जे. जे. रुग्णालयांत १४ रुग्ण मरण पावले; त्यांस दिलेल्या ग्लिसरिनमध्यें डायएथिलीन ग्लायकॉल हें विषारी द्रव्य मिसळलेलें होतें. चौकशीसाठीं न्यायमूर्ति लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. तेंच विष २०२५ सालीं खोकल्याच्या औषधांत येऊन मध्य प्रदेशांतील छिंदवाडा जिल्ह्यांत लहान मुलांचे बळी गेले. तेव्हां जो कामगार किंवा जी तरुण मुलगी कुरकुंभच्या प्रयोगशाळेंत कांचेच्या नळ्या हातांत धरून आंकडे लिहिते, तिच्या प्रामाणिक आंकड्यावर कोठल्या तरी दूरच्या घरांतील लेंकराचा जीव अवलंबून असतो.

पालकांस व विद्यार्थ्यांस

पालकांस आमची विनंति अशी कीं, मधुमेह, रक्तदाब, क्षय, फिट्स असल्या विकारांचें चालूं औषध झाडपाल्याच्या भरंवशावर बंद करूं नये. घरीं काढा, रस किंवा चूर्ण घेत असल्यास तें डॉक्टरांस अवश्य सांगावें. लाज धरूं नये, कारण दोन औषधें पोटांत एकत्र येऊन अपाय होऊं शकतो. काढा घेतल्यावर भूक मंदावली, लघवी गडद पिंवळी होऊं लागली किंवा डोळे पिंवळे दिसूं लागले, तर तो ताबडतोब थांबवून दवाखाना गांठावा.

विद्यार्थ्यांनीं आजीस अवश्य विचारावें, तिचें सांगणें लिहून ठेवावें, आणि त्यापुढें हे चार प्रश्न मांडावेत. कोणतेंही अनोळखी पान, फळ किंवा बी तोंडांत घालूं नये. कांहीं वर्षांनीं तुम्हांपैकींच कोणी पुण्यास किंवा मुंबईस एखाद्या प्रयोगशाळेंत बसून या माळावरील तरवडीस हे प्रश्न विचारील, अशी आम्हांस आशा आहे.

अभ्यास

१. आपल्या गांवांतील पांच औषधी झाडांचीं स्थानिक नांवें लिहा. त्यांपैकीं कोणत्या नांवाचें आणखी एखादें झाड आहे काय, तें शोधा.
२. अर्क आणि शुद्ध द्रव्य यांत फरक काय? अडुळशाच्या उदाहरणानें सांगा.
३. सदाफुलीच्या अर्कानें उंदीर मेले, तरी तो प्रयोग फुकट गेला नाहीं, कां?
४. "मी काढा घेतला आणि तीन दिवसांत ताप गेला." काढ्यानेंच ताप गेला हें ठरवण्यासाठीं आणखी काय पाहावें लागेल?
५. टीपकागद व शाई यांचा प्रयोग तीन निरनिराळ्या शायांवर करून, दिसलेले रंग व त्यांचीं अंतरें वहींत मांडा.